आखणी आणि कोड एकाच हाती : फुल स्टॅक डिझायनरची पार्श्वभूमी

वापरणाऱ्याशी बोलून त्याची अडचण समजून घ्यायची, पडद्यांची आखणी करायची, अक्षरं-रंग ठरवायचे आणि तीच आखणी एचटीएमएल-सीएसएसमध्ये (वेबपानाचा सांगाडा आणि त्याचं रूप लिहिण्याच्या भाषांत) चालती करून दाखवायची, एवढं सगळं फुल स्टॅक डिझायनरकडून अपेक्षित असतं. जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्यांना, यात नवल वाटणार नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर उतरवून घेणं, श्री-लिपीत टाइप करणं, कोरलड्रॉत मांडणी, प्रूफ आणि शेवटी छपाईचा पाठपुरावा, हे बहुतेक वेळा एकच माणूस करायचा. प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवणं छोट्या दुकानाला परवडत नसे.

वेबवरही सुरुवातीला तसंच होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. पुढच्या काही वर्षांत मजकूर, मांडणी, कोड आणि सर्व्हर सांभाळणारा वेबमास्टर बहुधा एकटाच असे. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली शिफारस आली, पण प्रत्येक ब्राउझर ती आपापल्या परीनं पाळायचा. त्या विसंगती निस्तरणं हेच एक स्वतंत्र काम होऊन बसलं. मग डिझायनर फोटोशॉपमध्ये चित्र काढू लागला आणि दुसरा कोणी त्याचे तुकडे करून पान बांधू लागला.

ही फाळणी मोबाइलनं मोडली. २००७ मध्ये आयफोन आला आणि एकाच मापाचं चित्र निरुपयोगी ठरलं. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची मांडणी केली. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी कशी बदलेल, हे कोड न समजता ठरवणं अवघड झालं. २०१६ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या फिग्मा या ऑनलाइन डिझाइन साधनानं डिझायनर आणि डेव्हलपर यांना एकाच फाइलवर आणलं.

आपल्याकडे शिक्षणातली फाळणी मात्र टिकून आहे. चित्रकलेच्या पदविका कला संचालनालयाच्या अखत्यारीत, तर संगणकाच्या पदव्या १९९० मध्ये जळगावात स्थापन झालेल्या विद्यापीठाकडे. चित्रकला आणि कोड दोन्ही हातात असलेली मुलं म्हणूनच बरीचशी स्वतःच्या बळावर घडतात, आणि त्यांची खरी गरज मराठी पडद्यांना आहे. सीएसएसमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटू शकते. ओळींमधली उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली तर वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीला भिडतात. रावेर-यावलचा केळी उत्पादक भर उन्हात, बांधावर उभा राहून मोबाइलवर भाव बघतो, त्याला हे दोष लगेच खुपतात. डीटीपीच्या खुर्चीवर घडलेली नजर आणि कोडची समज एकत्र आली, तर ते पान त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच दुरुस्त होतं.

या कामात सगळ्या बाजूंवर सारखंच प्रभुत्व लागत नाही. एका बाजूत खोली आणि बाकीच्या बाजूंत दुसऱ्याच्या कामाचा अंदाज येईल इतकी ओळख पुरते. दोन माणसांचं काम एका पगारात उरकण्यासाठी कोणी हे पद वापरत असेल, तर तो अन्यायच आहे. डेटाबेस आणि सर्व्हर हा फुल स्टॅक डेव्हलपरचा प्रांत. डिझायनरची हद्द वापरणाऱ्याच्या गरजेपासून ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या पानापर्यंत.