डिस्क क्लोनिंग (क्लोनझिला)

डिस्क क्लोनिंग म्हणजे हार्ड डिस्कवरील विभाजने (पार्टिशन), बूट होण्यासाठी लागणारा भाग, विंडोज किंवा लिनक्स आणि सगळ्या फायली जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर उतरवणे. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवताना सगळे नव्याने इन्स्टॉल करावे लागू नये, हा याचा मुख्य उपयोग. क्लोनझिला हे त्यासाठीचे मोफत, मुक्तस्रोत साधन तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात विकसित झाले. ते पेनड्राइव्हवरून बूट करून चालवतात.

क्लोनझिला डिस्कचा प्रत्येक सेक्टर (साठवणुकीचा लहानात लहान तुकडा) उचलत नाही. त्यातला पार्टक्लोन हा प्रोग्राम एनटीएफएस, एक्स्ट४ अशा ओळखीच्या फाइल सिस्टीममधले (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतींमधले) फक्त वापरलेले ब्लॉक वाचतो. त्यामुळे १ टीबी डिस्कवर २०० जीबी डेटा असेल, तर सेकंदाला १०० एमबी वेगाने सुमारे ३५ मिनिटे लागतात. यूएसबी २ पोर्टवर ३० एमबी मिळाले तर जवळजवळ दोन तास. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप, एन्क्रिप्शन) लावलेले विभाजन मात्र ‘डीडी’ने, म्हणजे सरसकट सगळे उतरवणाऱ्या प्रोग्रामने, रिकाम्या जागेसकट कॉपी होते. म्हणून बिटलॉकर आधी काढलेला बरा.

विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही आधी बंद करावे लागते. ते चालू असताना शटडाउन केलेला संगणक अर्धवट झोपलेलाच असतो. एनटीएफएसवर तशी खूण राहते आणि क्लोनिंग सुरुवातीलाच अडते. शिफ्ट दाबून शटडाउन करणे हा झटपट उपाय. तरीही अडले, तर ‘चेकडिस्क’ चालवून फाइल सिस्टीम दुरुस्त करावी.

आकाराचा घोळ नेहमीचा. ५०० जीबीच्या डिस्कवर ६० जीबीच भरलेले असले तरी ४८० जीबीच्या एसएसडीवर थेट क्लोन होत नाही, कारण हिशेब विभाजनांचा असतो, डेटाचा नव्हे. आधी सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ (लहान) करावा, शेवटी असलेले रिकव्हरी विभाजन जीपार्टेड या विभाजने बदलण्याच्या प्रोग्रामने अलीकडे सरकवावे आणि क्लोनझिलाच्या एक्सपर्ट मोडमध्ये लक्ष्य डिस्कचा आकार न तपासण्याचा पर्याय निवडावा.

खरा घात दिशेत होतो. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही क्लोनझिलात दिसणारी डिस्कची नावे बूटगणिक बदलू शकतात. मूळ आणि लक्ष्य डिस्क मॉडेल व सिरियल क्रमांकावरूनच ओळखावी. उलट निवड झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. क्लोनझिला दोनदा विचारते, पण घाईत दोन्ही वेळा ‘वाय’ दाबले जाते.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा बूट करावे. दोन्ही डिस्कची ओळख एकच असल्याने विंडोज त्यांतली एक ऑफलाइन करते, आणि लिनक्स भलतेच विभाजन माउंट करू (वापरायला जोडू) शकते.

बॅकअपसाठी क्लोनपेक्षा इमेज, म्हणजे डिस्कची फाइलरूपात साठवलेली प्रत, सोयीची: एकाच बाह्य डिस्कवर अनेक तारखांच्या प्रती मावतात. मात्र क्लोनझिला दर वेळी पूर्ण इमेज घेते, आणि इमेजमधून एखादीच फाइल सहज काढता येत नाही. कागदपत्रांची वेगळी प्रत ठेवावीच.

डिस्क खराब होऊ लागली असेल, तर क्लोनझिलाऐवजी जीएनयू डीडीरेस्क्यू हा डेटा वाचवण्याचा प्रोग्राम वापरावा. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेले सेक्टर मॅप फाइलमध्ये (कामाच्या नोंदवहीत) नोंदवतो आणि मागाहून पुन्हा वाचून पाहतो. मधेच वीज गेली तरी काम त्याच जागेवरून पुढे सुरू होते. मॅप फाइल मात्र तिसऱ्याच डिस्कवर ठेवावी.