'मला काही प्रॉब्लेम नाही' म्हणणारा थेरपिस्ट आणि तुमची ओळख मान्य करून काम करणारा थेरपिस्ट

हल्ली बऱ्याच समुपदेशकांच्या प्रोफाइलवर इंद्रधनुष्याची पट्टी दिसते. कुणी खाली 'एलजीबीटीक्यू फ्रेंडली' लिहितं, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स अशा क्वीअर माणसांना नाकारत नाही; कुणी 'क्वीअर अफर्मेटिव्ह', म्हणजे त्यांची ओळख मान्य करून काम करतो. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. फोन करायचा धीर गोळा करण्यातच महिने गेलेले असतात, त्यामुळे ज्याची अपॉइंटमेंट आधी मिळेल त्याच्याकडे माणूस जातो. हा फरक माहीत नसला की काय होतं, ते बघा.

समजा, सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आहे. घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. रात्री झोप नाही, छातीत धडधडतं. तो थेरपिस्टला सांगतो, "मी गे आहे, आणि आईबाबांना सांगता येत नाहीये."

फ्रेंडली थेरपिस्ट म्हणतो, "माझ्यासाठी सगळे सारखेच. आपण आधी तुझ्या अँग्झायटीचं बघू." श्वासाचे व्यायाम, झोपेची वेळ, मोबाइल लांब ठेवणं, हे सगळं होतं. थोडं बरंही वाटतं. मग एखाद्या सेशनला अगदी सहज प्रश्न येतो: "तुझी नक्की खात्री आहे ना? एखाद्या मुलीला भेटून तर बघ." किंवा, "आईबाबांच्या वयाचाही विचार कर." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मुलगा घरी जातो तो एकच गोष्ट घेऊन: खोट आपल्यातच आहे.

दुसरा, अफर्मेटिव्ह थेरपिस्ट विचारतो, धडधड नेमकी केव्हा होते? आईचा फोन आला की. रविवारी पोह्यांचा कार्यक्रम ठरला की. शाळेत वर्गासमोर 'बायल्या' म्हणून हाक मारली होती ते आठवलं की. म्हणजे दुखणं त्याच्या गे असण्यातून आलेलं नाही, ते लपवत जगावं लागतं त्यातून आलेलं आहे. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे: दुःखाचं मूळ कुठे शोधायचं. पुढचं कामही त्यावरच ठरतं. पैशांसाठी घरच्यांवर अवलंबून आहेस का? वेळ आलीच तर राहायला दुसरी जागा आहे का? घरात आधी कुणाशी बोलता येईल, ताईशी, मावशीशी? 'आजच सांगून टाक' असंही तो म्हणत नाही आणि 'कधीच सांगू नकोस' असंही नाही. ट्रान्स व्यक्ती आली तर 'आलास' म्हणू की 'आलीस', हे पहिल्याच भेटीत विचारून घेतो आणि पुढे तेच पाळतो.

अफर्मेटिव्ह म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणं, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. दारू वाढली असेल, जोडीदार मारहाण करत असेल, डिप्रेशनसाठी गोळ्यांची गरज असेल, तर असा थेरपिस्ट ते स्पष्ट सांगतो. वागण्याबद्दल प्रश्न विचारतो, ओळखीबद्दल नाही.

दारातून परत न पाठवणं ही काही मेहरबानी नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळणं हा हक्क आहे. फ्रेंडली असणं ही किमान अट झाली.

पहिल्या फोनवर दोन प्रश्न विचारा. एक: "घरचे म्हणाले याला बदला, तर तुम्ही त्यांना काय सांगाल?" इथे 'प्रयत्न करून बघू' असं उत्तर आलं तर फोन ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे लैंगिक कल किंवा ओळख बदलण्याचे तथाकथित उपचार, हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. दोन: "फी बाबा भरतात, त्यांनी विचारलं तर काय सांगाल?" आपल्याकडे हा प्रश्न फार खरा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. त्याला कायद्याने ठरवलेले मोजके अपवाद आहेत. फी भरणाऱ्याची उत्सुकता त्यात येत नाही.

प्रशिक्षण कुठे घेतलं, हेही विचारायला लाजू नका. मुंबईतली मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांसाठी क्वीअर अफर्मेटिव्ह पद्धतीचा अभ्यासक्रम चालवते. तो केलेले थेरपिस्ट शोधता येतात. मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि पुण्याचा समपथिक ट्रस्ट या क्वीअर समाजातूनच उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. 'कुणाकडे जाऊ?' हे तिथे विचारलं तर आधी स्वतःची बाजू मांडत बसावं लागत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर समुपदेशन देते.

लातूरला किंवा चिपळूणला राहणाऱ्या, मराठीतच मोकळं होता येणाऱ्या माणसापुढे पर्याय कमी असतात, हे खरं आहे. ऑनलाइन सेशनने थोडी सोय झाली, पण घरात दार लावून बोलायला खोली लागते, आणि ती प्रत्येकाकडे नसते. अशा वेळी गावातल्याच एखाद्या समुपदेशकाने सांगितलं, "मला यातलं शिक्षण नाही, पण मी वाचेन, जाणकारांना विचारेन, आणि माझं काही चुकलं तर सांग," तर मी इंद्रधनुष्याच्या पट्टीपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवेन. तीन-चार सेशन जाऊन बघा. प्रत्येक वेळी तुम्हालाच त्याला शिकवावं लागत असेल, किंवा बाहेर पडताना आत जातानापेक्षा जास्त लाज वाटत असेल, तर थेरपिस्ट बदला. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही.