मृत्युदर कुणाच्या वयाने मोजायचा?

जन्म-मृत्यूंचा अंदाज काढणाऱ्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांत बिहारचा मृत्युदर दर हजारी ५.४ आहे आणि केरळचा ७.०. त्याच वर्षी बिहारमध्ये हजार जन्मांमागे २७ अर्भकं दगावली, केरळमध्ये ६. सरासरी आयुर्मान केरळचं ७५ वर्षं, बिहारचं साडेएकोणसत्तर. म्हणजे जिथे माणूस जास्त जगतो, तिथेच मृत्युदर जास्त. आकड्यांत चूक काही नाही. केरळमध्ये वयस्क माणसं जास्त आहेत आणि कुठल्याही समाजात मरणं जास्त होतात ती उतारवयात, एवढंच.

गोव्यात राहणाऱ्यांनी तर ही गोष्ट नीट समजून घ्यायलाच हवी. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं, केरळमध्ये १२.६ आणि त्याच्या पाठोपाठ गोव्यात ११.२. सासष्टी-बार्देशातल्या कित्येक वाड्यांवर मुलं आखातात, बोटीवर किंवा इंग्लंडमध्ये, आणि घरं सांभाळायला आईवडील. उलट वास्को किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास कामासाठी आलेल्या तरुणांची वस्ती मोठी. या दोन भागांचे मृत्युदर तसेच्या तसे शेजारी ठेवले, तर तुलना आरोग्याची होत नाही, वयाची होते.

यावरचा उपाय जुना आहे. १८४४ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी निरनिराळ्या भागांची तुलना मरणाऱ्यांच्या सरासरी वयावरून केली होती. विमागणिती एफ. जी. पी. नीसन यांनी त्यावर नेमकी हीच हरकत घेतली: त्या त्या भागात राहणाऱ्यांची वयं वेगळी असताना ही तुलना टिकत नाही. आधी वयं सारखी करून घ्या. आजही पद्धत तीच आहे. प्रत्येक प्रदेशाचे वयोगटवार मृत्युदर काढायचे, दोन्हीकडे एकच लोकसंख्या आहे असं धरायचं आणि त्या लोकसंख्येत वर्षाला किती मृत्यू झाले असते ते मोजायचं. या धरून चाललेल्या लोकसंख्येला प्रमाण लोकसंख्या म्हणतात आणि निघालेल्या दराला वय-समायोजित मृत्युदर.

इथपर्यंतचं बहुतेक लेखांत येतं. ही प्रमाण लोकसंख्या कोणाची घ्यायची, हा प्रश्न मात्र पुष्कळदा तळटीपेत ढकलला जातो, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

म्हापशाचा बाजार स्वस्त की मडगावचा, हे ठरवायला आपण एकच यादी घेऊन दोन्हीकडे जाऊ. पण म्हापशात बांगडे स्वस्त आणि मडगावात इसवण (सुरमई) स्वस्त असेल, तर बांगड्यांची यादी म्हापशाला जिंकवेल आणि इसवणीची मडगावला. प्रमाण लोकसंख्या ही अशी यादी असते.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. हे दोन प्रदेश आणि त्यांचे दर कल्पित आहेत. समुद्रकाठच्या प्रदेशात वर्षाला हजारी मृत्यू असे: तिशीच्या आत १, तीस ते एकोणसाठ ४, साठीपुढे ४०. डोंगरपट्ट्यात तेच २, ५ आणि ३३. म्हणजे डोंगरात तरुण दुपटीने मरतात, पण म्हातारी माणसं समुद्रकाठच्यांपेक्षा जास्त तग धरतात.

आता यादी निवडू. जपानचे कर्करोग-अभ्यासक मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडलेली ‘जागतिक’ प्रमाण लोकसंख्या तरुण आहे. तिच्यात तिशीच्या आतले ५६ टक्के, मधल्या वयाचे ३३ आणि साठीपुढचे फक्त ११. प्रत्येक वयोगटाचा दर त्याच्या टक्केवारीने गुणून बेरीज करायची; ही टक्केवारी म्हणजे त्या गटाचं वजन. त्या वजनांनी समुद्रकाठचा दर येतो ६.३ आणि डोंगरपट्ट्याचा ६.४. समुद्रकाठ किंचित सरस. २०१३ ची युरोपीय प्रमाण लोकसंख्या घेतली तर तिच्यातली वजनं ३३.५, ४१ आणि २५.५ टक्के. आता समुद्रकाठचा दर १२.२ आणि डोंगरपट्ट्याचा ११.१. क्रम उलटला, आणि फरकही आधीपेक्षा मोठा झाला. एकाही माणसाचं जगणं-मरणं बदललेलं नाही.

सगळ्याच वयोगटांत एकच प्रदेश पुढे असेल, तर कोणतीही यादी घ्या, पहिला नंबर त्याचाच राहतो. अंतर तेवढं कमी-जास्त होतं. वयोगटांमध्ये सरशी वाटली गेली असेल तेव्हाच निकाल यादीच्या हाती जातो. म्हणून समायोजित दर छापताना वयोगटवार दरांचा तक्ता सोबत हवाच. तो नसेल, तर नुसत्या क्रमवारीवरून कोणत्याही राज्याला शाबासकी देऊ नये की बोल लावू नये.

यादी बदलली की आकडे कसे बदलतात, हे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथले सरकारी समायोजित मृत्युदर कित्येक दशकं १९४० च्या लोकसंख्येवर काढले जात. तिच्यात पासष्टीपुढचे सात टक्क्यांच्याही आत होते. १९९९ च्या आकड्यांपासून २००० ची प्रमाण लोकसंख्या लागू झाली आणि हे वजन साडेबारा टक्क्यांवर गेलं. समायोजित दर एकदम फुगले, पण ते अपेक्षितच होतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की, १९९५ चेच मृत्यू जुन्या पद्धतीने मोजले तर कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांच्या १.६ पट होता, नव्या पद्धतीने तो १.४ पट झाला. कृष्णवर्णीयांची जादा मरणं मुख्यतः तरुण आणि मध्यम वयात होती. खूप म्हातारपणी दोघांतलं अंतर आटतं. म्हाताऱ्यांचं वजन वाढवलं की तरुणांवरचा अन्याय आकड्यात लहान दिसतो. यादी वाईट हेतूने बदलली असं मी म्हणत नाही. पण कोणत्या वयाचं मरण किती मोजायचं, हे त्या वजनांत ठरतं, आणि तो निर्णय निव्वळ गणिताचा नसतो.

गोव्याच्या बाबतीत मला याची काळजी वाटते. रस्ते अपघातांत इथे दरवर्षी दोनशेहून अधिक माणसं दगावतात आणि त्यांत दुचाकीवरची तरुण मुलं खूप असतात. युरोपच्या वयस्क वजनांनी मोजलं तर ही मरणं एकूण दरात जवळजवळ बुडून जातील. तिथे वर दिसतील हृदयविकार आणि पक्षाघात.

बाहेरच्या आकड्यांशी तुलना करताना आणखी एक धोका असतो. आपल्याकडचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सेगींच्या वजनांवर आधारलेले दर देतो. अमेरिकेची कर्करोग आकडेवारी तिथल्या २००० च्या लोकसंख्येवर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वतःची वेगळी प्रमाण लोकसंख्या आणली. तिच्यात पासष्टीपुढचे सुमारे ८ टक्के, तर सेगींच्या यादीत ७. कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा आजार, त्यामुळे भारताचा सेगी-दर आणि अमेरिकेचा २००० चा दर शेजारी मांडले, तर अंतराचा काही भाग निव्वळ वजनांमुळे आलेला असतो. ‘वय-समायोजित’ हा शब्द दोन्हीकडे दिसतो, म्हणून वाचणारा निर्धास्त होतो.

गोव्याच्या तालुक्यांची आपसांत तुलना करायची असेल तर मी गोव्याचीच एकूण लोकसंख्या प्रमाण धरेन, कारण निर्णय इथल्या माणसांसाठी घ्यायचे आहेत. राज्यांशी तुलना करताना भारताची, देशांशी करताना जागतिक आरोग्य संघटनेची. धारबांदोड्यासारख्या लहान तालुक्यात एकेका वयोगटातले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. दोन-चार मृत्यू इकडे-तिकडे झाले की दर उड्या मारतो, तेव्हा काही वर्षांचे आकडे एकत्र करावे लागतात.

आणि हे सगळं करण्याआधी मृत्यू नेमका कोणत्या तालुक्याच्या खात्यावर टाकायचा, ते पाहावं लागतं. आपल्याकडे मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तिसवाडी तालुक्यात आहे, आणि तिथे सत्तरी, काणकोण, शिवाय सिंधुदुर्ग आणि कारवारहूनही रुग्ण येतात. मृताचं राहतं गाव पाहून हे मृत्यू वेगळे काढले नाहीत, तर तिसवाडीचा दर कोणतीही प्रमाण लोकसंख्या लावून दुरुस्त होणार नाही.