फुलं छापलेली की विणलेली? आधी स्कर्ट उलटा करून बघा

परवा भाची परभणीहून आली ती नवा मिडी स्कर्ट घेऊनच. काळ्यावर ओंजळीएवढी लाल-पिवळी फुलं, लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत. "मावशी, हिमरू हाय बरं का. यावर काय घालू?"

मी शिलाई करते, त्यामुळं कापड हातात आलं की बोटं आधी त्याची पाठ शोधतात. घेर उलटा केला. आत तीच फुलं, त्याच आकाराची, फक्त फिकी. म्हणजे कापड छापील. हिमरूत फुलं विणलेली असतात. दुकानदारानं मात्र हे छापील कापड हिमरू सांगून भाव लावला होता. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण मराठवाड्याच्या पोरीला मराठवाड्याच्याच कापडाची पाठ ओळखू येऊ नये, हे जास्त लागलं.

हिमरू आपल्या छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे जुन्या औरंगाबादचं. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा विणकर सोबत आले असं सांगतात. यात उभा धागा सुती, आडवा रेशमी. हल्ली रेशमाच्या जागी कृत्रिम धागाही असतो. फूल रंगानं उमटत नाही, जादा आडव्या धाग्यानं विणलं जातं. जिथं त्या धाग्याचं पुढं काम नसतं तिथं तो पाठीमागं मोकळा लोंबतो. म्हणून हिमरू उलटं केलं की धाग्यांची गर्दी दिसते. पण एवढ्यानं कापड विणलेलं आहे इतकंच कळतं. यंत्रमागावर नक्षी विणलेल्या कापडाचीही, म्हणजे जॅकार्डचीही, पाठ अशीच असते.

गंमत अशी, की 'हिमरू' हा शब्द 'सारखं दिसणारं' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आला असं मानतात. सोन्या-चांदीच्या जरीच्या किनखाबासारखं दिसणारं, पण परवडणारं कापड ते हिमरू.

हे एवढं सांगायचं कारण, वर काय घालायचं ते या पाठीवरच ठरतं.

छापील फुलांत सगळा खेळ रंगाचा. बहुतेक जणी सर्वांत मोठ्या फुलाचा रंग उचलतात, लाल फूल म्हणून लाल टॉप. मग फूल त्यात विरघळून जातं. मी उलट करते, छाप्यात सर्वांत कमी असलेला रंग शोधते. भाचीच्या स्कर्टवर पानांच्या कडेला थोडा शेवाळी होता. शेवाळी, साधा, बिनचमकीचा शर्ट पुढून खोचला आणि तीच फुलं ठसठशीत दिसायला लागली. टॉप बाहेर लोंबता ठेवू नका. मिडी आधीच पोटरीवर पाय तोडते, त्यात कंबरही झाकली की उंची आणखी कमी दिसते. घोट्याभोवती पट्टा असलेल्या चपलेनंही तेच होतं. पायाचा वरचा भाग उघडा ठेवणारी साधी कोल्हापुरी छान.

शिवून घेणार असाल तर मोठ्या फुलांना दाट चुण्या नकोत, फूल चुणीत गडप होतं. समोरून सपाट, खाली पसरत जाणारा घेर बरा. बाजूच्या शिवणीवर फुलाला फूल मिळवायला कापड जास्त लागतं. ४४ इंच पन्ह्याचं दोन-अडीच मीटर घ्या. रेयॉन असेल तर आधी भिजवून वाळवा, पहिल्या धुण्यात ते आटतं. एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात सुती किंवा रेयॉनच घाला, पॉलिएस्टर अंगाला चिकटतं.

हिमरूत मात्र रंगाआधी चमक आणि जाडी सांभाळावी लागते. वर दुसरी चमक नको, जरी नको, दुसरा छापा तर नकोच. खादीचा किंवा मलमलचा साधा टॉप, तोही कमरेपर्यंतच, कारण जाड कापडात खोचलं की पोटाशी गोळा होतो. कट कळ्यांचा, नाहीतर चार रुंद चुण्या. दाट चुण्यांनी हे कापड फुगतं. आणि अस्तर हवंच हवं. पाठीवरच्या त्या मोकळ्या धाग्यांत पैंजण अडकलं की एक धागा ओढला जातो आणि पुढचं फूल विस्कटतं. घरी धुऊ नका, ड्रायक्लीनला द्या. हे कापड हिवाळ्यातल्या लग्नाचं, दुपारच्या एसटीचं नाही.

शेरवानीच्या शिलाईतून उरलेला खऱ्या हिमरूचा एक तुकडा माझ्याकडं आहे. तो तिच्या हातात दिला. तिनं स्वतःच उलटा केला, मोकळ्या धाग्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "डिसेंबरात ताईचं लग्न हाय, तवा याचाच शिवू." माप लिहून ठेवलंय: कमरेपासून पोटरीपर्यंत ३० इंच, आतून गडद निळं सुती अस्तर.