अर्धे सभासद: 'नावाला जिवंत' या आरोपामागची पार्श्वभूमी

बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात सार्दीस शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या समुदायाला, लिहिलेलं ते वाक्य, की नाव जिवंतचं आहे पण तू मेलेला आहेस, आपल्याकडे दर दोनचार महिन्यांनी कोणीतरी कोणावर तरी फेकतं. जुन्या मंडळ्यांवर तर हमखास. सार्दीसबद्दल एवढंच सांगतो की ते शहर कड्यावर होतं, कडा चढून कोणी येणारच नाही म्हणून तिथे पहारा ठेवला नव्हता आणि शत्रू नेमका तिथूनच वर आला, तेही एकदा नाही दोनदा. ऐकणाऱ्यांना 'जागा राहा' हे का झोंबलं असेल ते यावरून कळतं.

पण खरी गुंतागुंत झाली ती दीड हजारांहून जास्त वर्षांनी, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला. 1630 च्या सुमारास तिथे आलेल्या लोकांना इंग्लंडच्या चर्चचा कंटाळा होता, गावात जन्मला की झाला ख्रिस्ती असं त्यांना नको होतं. मग त्यांनी ठरवलं की मंडळीचा सभासद व्हायचं तर देवाने माझ्या मनात काय काम केलं याची साक्ष सगळ्यांसमोर द्यायची आणि ती लोकांना पटली तरच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. वर 1631 पासून मतदानाचा हक्कही सभासदांनाच. तिथल्याच केंब्रिज गावच्या पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, अशा पन्नासेक साक्षी वहीत उतरवून ठेवल्यात, त्यात घरकाम करणाऱ्या मुलीसुद्धा आहेत, आणि वाचताना जाणवतं ते हे की छाती पुढे काढून बोलणारे कमी आणि मला खात्री नाही, मन कठीण आहे, परत पापात पडले, असं म्हणणारेच जास्त.

पुढे या लोकांची मुलं मोठी झाली. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, वागणं चांगलं, रविवार न चुकवणारी, पण साक्ष द्यायला उभी राहीनात. मग त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा करायचा की नाही? 1657 मध्ये पाळक बसले, 1662 मध्ये बोस्टनला मोठी सभा झाली आणि ठरलं की शिकवण मान्य असेल, चालचलन ठीक असेल आणि मंडळीचा देवाशी असलेला करार आपला म्हणून कबूल केला तर त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, मात्र प्रभुभोजन नाही आणि मंडळीच्या कारभारात मतही नाही.

यालाच 'हाफ-वे कॉव्हेनंट' म्हणजे अर्धा करार म्हणतात, आणि इथेच सगळे घसरतात. 1662 च्या ठरावात हा शब्द नाहीच! तो जवळपास शंभर वर्षांनी विरोधकांनी चिडवायला काढला आणि इतिहासाच्या पुस्तकांत तोच चिकटला. नाव अर्धं म्हणून माणसंही अर्धी, विश्वास पातळ झाला, ऱ्हास सुरू झाला वगैरे. मला हे पटत नाही. ज्यांना नुसतं नाव हवं होतं त्यांना एक साक्ष पाठ करून म्हणणं काय अवघड होतं? मोडून पडलो, रडलो, मग शांती मिळाली, हा साचा सगळ्यांना माहीत होता. अयोग्य रीतीने भाकर खाल्ली तर दंड ओढवून घेऊ ही पौलाची ताकीद मनावर घेऊन कितीतरी जण प्रभुभोजनाच्या मेजापासून लांब राहिले आणि पोकळपणाचा शिक्का त्यांच्यावरच बसला. (आमच्याकडे दृढीकरणाच्या, म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठेपणी विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वेळी पोरांना विचारतात विश्वास आहे ना, आणि सगळी एका सुरात हो म्हणतात. मीही म्हटलं होतं.)

भांडणं मात्र जबर झाली. एका घरात बाप ठरावाच्या बाजूने आणि मुलगा जाहीर विरोधात, काही वर्षांनी मुलाचंही मत फिरलं. बोस्टनची पहिली मंडळी फुटली आणि 1669 मध्ये तिसरी निघाली.

मॅसॅच्युसेट्समधल्याच नॉर्थॅम्प्टन गावात तर उलटंच टोक. 1672 ते 1729 तिथे असलेल्या पाळकाने साक्षीची अट सोडून मेज खुलं केलं, म्हणे प्रभुभोजनानेच मन बदलेल. त्याच्या जागी नातू आला, ज्याच्या काळात 1734-35 मध्ये गावात मोठं संजीवन, म्हणजे धार्मिक जागृतीची लाट, झालं, आणि त्याच नातवाने पुढे आजोबांची रीत मोडायला घेतली, तर 1750 च्या जूनमध्ये गावाने त्यालाच काढलं, त्याच्या बाजूने जेमतेम 23 मतं. आणि गंमत म्हणजे दुसरा पाळक मिळेना म्हणून नंतर काही महिने कित्येक रविवारी उपदेशाला परत त्यालाच बोलवत होते.

आपला संबंध इथून. 1813 मध्ये मुंबईला आणि 1831 मध्ये नगरला आलेले अमेरिकन मिशनरी याच मंडळ्यांच्या परंपरेतले. त्यामुळे हा मनाने आलाय की नावाने, हा प्रश्न त्यांच्यासोबत इथे आला आणि दुष्काळाच्या वर्षांनी तो आणखी बोचरा केला, कारण मग धान्यासाठी आला का तेही विचारलं जाऊ लागलं. 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या आपल्या कवीने, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य धरून 'देवाचा दरबार' मांडला. म्हणजे बोस्टनवाल्यांनी बाप्तिस्मा असूनही ज्यांना मेजाबाहेर ठेवलं त्यांच्याही पलीकडे जाऊन याने बाप्तिस्मा नसलेल्यांनाच आत घेतलं. दोन वर्षांत, 1919 ला, तो गेला.