जुन्या उत्खनन यंत्रांतील हायड्रॉलिक गळती

उत्खनन यंत्राच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या पोकलेनच्या, हायड्रॉलिक प्रणालीतील तेल सांध्यांतून बाहेर झिरपणे किंवा पंप, व्हॉल्व्ह, मोटर व सिलिंडर यांच्या आतल्या आत जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निसटणे याला हायड्रॉलिक गळती म्हणतात. पहिली बाह्य आणि दुसरी अंतर्गत गळती होय. बाह्य गळती जमिनीवर डाग पाडते, म्हणून तिच्याकडे लक्ष लगेच जाते. अंतर्गत गळतीत टाकीतली पातळी एक थेंबही उतरत नाही. यंत्र फक्त मंद होते, तापते आणि डिझेल जास्त खाते. जुन्या यंत्राचे खरे नुकसान बहुधा हीच गळती करते.

मध्यम आकाराच्या यंत्रात मुख्य दाब साधारण ३२० ते ३५० बार (एक बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका दाब) असतो. हा दाब पेलणाऱ्या नायट्राइल रबराच्या (तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या) ओ-रिंग, म्हणजे गोल कड्या, व तेल अडवणारे इतर सील उष्णतेने वर्षानुवर्षे कडक होत जातात आणि त्यांची लवचीकता संपते. होज पाइपचे वरचे रबर तडकले की आतल्या तारांच्या जाळीला गंज चढतो. स्पूल (तेलाची वाट बदलण्यासाठी व्हॉल्व्हमध्ये सरकणारा दांडा) आणि व्हॉल्व्हची बॉडी यांच्यात तर सीलच नसते. काही मायक्रॉनची फट हाच तिथला अडसर असतो. अशा फटीतून निसटणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे झिजून फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. शिवाय काम न करता दाब गमावणारे तेल तापते (सुमारे ३४० बारचा दाब असा वाया गेला तर १५ ते २० अंशांनी), तापलेले तेल पातळ होते आणि पातळ तेल आणखी निसटते. सकाळी ठीक चालणारे यंत्र दुपारी ढिले पडते, या चालकाच्या तक्रारीचे मूळ येथे असते. ती तक्रार मिस्त्रीने हसण्यावारी नेऊ नये.

बाह्य गळती शोधताना आधी यंत्र धुऊन कोरडे करावे लागते, कारण तेल ओघळत खाली येते आणि थेंब पडतो ती जागा क्वचितच गळतीची असते. तेल गरम होईपर्यंत यंत्र चालवून सर्वांत वरचा ओला बिंदू पाहतात. शंका राहिली तर तेलात चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली तपासतात. सिलिंडरच्या रॉडवर तेलाचा पातळ थर दिसणे स्वाभाविक आहे, थेंब ओघळणे नव्हे. सेकंदाला एक थेंब हे प्रमाणही दिवसाला सुमारे ४ लिटर होते. बारीक छिद्रातून उडणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडीतून आत घुसू शकते, आणि अशी जखम टाचणी टोचल्यासारखी किरकोळ दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. म्हणून होजवर हात फिरवत नाहीत, पुठ्ठा धरतात.

अंतर्गत गळतीच्या निदानात सर्वाधिक गफलत होते ती बूम, म्हणजे यंत्राचा मुख्य हात, आपोआप खाली बसण्याबाबत. सिलिंडरचे, मिस्त्रींच्या भाषेत जॅकचे, पिस्टन सील गेले असे गृहीत धरून सील किट बदलले जाते आणि बूम पुन्हा बसतेच. बूमचे वजन रॉडला आत ढकलत असते. सिलिंडरची तेल आत-बाहेर जाण्याची दोन्ही तोंडे बंद असताना पिस्टनवरून तेल पलीकडे गेले, तरी आत शिरणाऱ्या रॉडने व्यापलेल्या जागेतले तेल कोठे तरी जावे लागते. वाट नसेल तर दाब चढतो आणि रॉड थांबतो. तेव्हा बूम बसत राहिली तर स्पूल, होल्डिंग व्हॉल्व्ह (भार धरून ठेवणारा) किंवा पोर्ट रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) यांतून तेल निसटत असले पाहिजे. बूमच्या टोकाला जोडलेल्या, लांब पसरलेल्या आर्मचे वजन मात्र रॉडला बाहेर खेचते, आणि तिथे फाटलेले पिस्टन सील एकटेच आर्म खाली आणू शकते. खात्रीसाठी रॉड एका टोकाला पूर्ण टेकवून, भार जमिनीवर ठेवून, दाब नसलेल्या बाजूचा होज सोडतात व दुसऱ्या बाजूला दाब देतात. उघड्या तोंडातून तेल सतत वाहू लागले तर दोष पिस्टन सीलचा.

पंप व मोटरची झीज केस ड्रेनच्या (त्यांच्या आवरणात झिरपलेले तेल टाकीत नेणाऱ्या) नळीतून मापी भांड्यात ठरावीक वेळ तेल घेऊन मोजतात आणि निर्मात्याच्या मर्यादेशी ताडून पाहतात. यंत्र एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूच्या ट्रॅव्हल मोटरबरोबर (यंत्र चालवणाऱ्या मोटरबरोबर) सेंटर जॉइंटचे, म्हणजे फिरत्या वरच्या भागातून खाली तेल नेणाऱ्या सांध्याचे, सीलही तपासावे लागतात. पंपाचे शाफ्ट सील वारंवार जात असेल, तर केसमधला दाब न मोजता तिसरे सील बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

दुरुस्तीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करतात, चावी चालू ठेवून लिव्हर सर्व दिशांना हलवतात आणि टाकीतला दाब सोडतात. रॉडचा क्रोम थर खड्डे पडून सोलला असेल तर नवे सील काही दिवसांतच फाटते. बारीक ओरखडा घासून निघतो, खोल खड्ड्यांसाठी रॉडवर पुन्हा क्रोम चढवावा लागतो. रॉड वाकला आहे का, हेही तेव्हाच पाहतात. सीलचा ओठ दाबाच्या बाजूला ठेवतात, रॉडवरची धूळ पुसणाऱ्या वायपर सीलचा बाहेरच्या बाजूला. नवा होज बसवताना त्यावर छापलेली रेघ सरळ राहिली पाहिजे, पीळ पडता कामा नये. गळणारा सांधा पान्याने अधिक आवळण्याचा मोह मोठा असतो, पण ओ-रिंग कडक झालेली असेल तर आवळल्याने ती तुटते किंवा आटे खराब होतात. उघडी तोंडे ताबडतोब टोपणाने बंद करतात, कारण त्यातून आत गेलेली धूळच पुढे स्पूलला ओरखडे पाडते.