पाच जागांमधली तीन ठरलेली अमिनो आम्लं

पानांवर एक मेणचट, पातळ पापुद्रा असतो. त्याचा सांगाडा क्युटिनचा, म्हणजे एका नैसर्गिक पॉलिएस्टरचा. तो भेदायला फ्युजॅरियम सोलानीसारख्या बुरशा क्युटिनेज नावाचं विकर सोडतात. जिवाणूंकडेही क्युटिनेजं असतात. दोघांच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या शेजारी मांडल्या तर फारसं काही जुळत नाही. जुळतो तो पाच जागांचा तुकडा: ग्लायसिन, कुठलंही एक, सेरीन, कुठलंही एक, पुन्हा ग्लायसिन.

खरं काम सेरीनचं. त्याचा ऑक्सिजन एस्टर बंधावर, म्हणजे पॉलिएस्टरचे दुवे जोडणाऱ्या बंधावर, हल्ला करतो. मदतीला एक हिस्टिडीन आणि एक ॲस्पार्टिक आम्ल लागतं. फ्युजॅरियमच्या क्युटिनेजमध्ये सेरीन १२० व्या जागी, तर हे दोघे १८८ आणि १७५ व्या. साखळीत लांब असले तरी घडी पडल्यावर तिघं एकत्र येतात.

मग ग्लायसिन कशासाठी? सेरीन साखळीच्या एका अतिशय तीव्र वळणावर बसलेलं असतं आणि तिथे दाटी असते. ग्लायसिनची बाजूची साखळी म्हणजे फक्त एक हायड्रोजन, त्यामुळे ते तिथे मावतं. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या लायपेजमध्ये, म्हणजे मेद तोडणाऱ्या विकरात, पहिल्या ग्लायसिनच्या जागी ॲलानीन आहे, आणि आकाराने ग्लायसिनच्या खालोखाल लहान तेच! उत्क्रांतीने इथे जपला आहे तो वळणाचा आकार, असं मला यावरून ठामपणे वाटतं.

पण एवढ्याच खुणेवर विसंबून चालत नाही. वीसही अमिनो आम्लं सारख्या प्रमाणात धरली, तर तीन ठरलेल्या जागा निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ८,००० त एक. ई. कोलाय या जिवाणूची सगळी प्रथिनं मिळून तेरा लाखांच्या आसपास अमिनो आम्लं होतात. म्हणजे दीडशेहून अधिक ठिकाणी हा तुकडा उगाच सापडेल. म्हणून हिस्टिडीन आणि ॲस्पार्टिक आम्लही आपापल्या जागी आहेत का, घडी तीच आहे का, हे पाहावंच लागतं.

प्लास्टिकच्या बाटल्यांचं पीईटी हेही पॉलिएस्टरच. जपानमधल्या साकाई शहरात मिळालेल्या इडिओनेला साकाएन्सिस या जिवाणूचं पीईटी तोडणारं विकर २०१६ मध्ये जगासमोर आलं, त्यातही हीच खूण आहे. पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेल्या एका क्युटिनेजमध्ये फेरफार करून २०२० मध्ये दहा तासांत ९० टक्के पीईटीचं विघटन साधलं गेलं. त्यासाठी संशोधकांनी पीईटी बसते ती खाच बदलली आणि उष्णता सोसावी म्हणून एक गंधकी बंधही घातला. सेरीन आणि त्याच्या दोन्ही बाजूंची ग्लायसिनं मात्र होती तशीच ठेवली.